जुनी गाडी आणि थोराड चाके

जुन्या मोटारगाडीला मूळच्यापेक्षा मोठी चाके बसवावीत की नाही, हा वाद वरवर पाहता हौशी मंडळींचा आहे. चाळीस-पन्नास वर्षांची जीप हाती आली की तिची बेताची चाके काढून जाड खाचांची थोराड चाके चढवावीत, असे एक पक्ष म्हणतो. गाडी ज्या चाकांवर कारखान्यातून बाहेर पडली त्याच चाकांवर तिने अखेरपर्यंत चालावे, असा दुसऱ्याचा आग्रह. आम्हास असे दिसते की, हा प्रश्न केवळ हौशीचा नाही आणि नवाही नाही. आपल्या मुलखात मोटार येण्यापूर्वीच तो बैलगाडीच्या निमित्ताने उभा राहिला होता, आणि त्याचे उत्तरही त्या इतिहासात पुष्कळसे सापडते.

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ साली मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे महाराष्ट्रभर माहीत झाले. आम्ही ते आज उदाहरणाला घेतो ते त्याच्या मातीसाठी आणि रस्त्यासाठी. गावाजवळून, वडीगोद्रीच्या बाजूने, धुळे-सोलापूर महामार्ग जातो. त्यावर कोणतीही गाडी सुखाने धावते. महामार्ग सोडून शेताच्या पाणंदीत उतरावे, तो गोदावरीच्या खोऱ्यातली काळी माती लागते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पावसाळ्यात ती चाकाला अशी लिंपून बसते की, आरे दिसेनासे होतात. एकाच गावाला हे दोन रस्ते आहेत आणि दोघांची चाकाविषयीची मागणी परस्परविरुद्ध आहे. आमच्या वादाचे मूळ येथे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दख्खनेतील बहुतेक माल बैलांच्या पाठीवरून, लमाणांच्या तांड्यांबरोबर जात असे. गाड्या थोड्या, आणि त्यांची चाके अखंड लाकडाची, क्वचित दगडाचीसुद्धा. १८३० साली बोरघाटाची सडक गाड्यांना खुली झाली, तेव्हा सडकेला साजेशी गाडी हवी अशी गरज उभी राहिली. १८३६ च्या सुमारास महसुली मोजणीच्या कामावरील लेफ्टनंट गेसफर्ड यांनी सोलापूर जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे सुधारलेल्या गाड्या बनविण्याचा कारखाना काढला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गेसफर्ड यांनी जुन्या सांगाड्याला नवे चाक जोडले नाही. त्यांनी गाडीच नव्याने घडविली. चाक हलके झाले त्याबरोबर बाकीची गाडीही हलकी झाली, म्हणून कमी बैलांत अधिक माल जाऊ लागला.

गावोगावच्या सुतार-लोहारांनाही हे गणित पाठ होते. तुंबा, आरे आणि त्यांवरचे लाकडी कडे सुताराने जुळवावे, मग लोहाराने लोखंडी धाव गोवऱ्यांच्या आरात लाल करून त्यावर चढवावी आणि पाणी ओतून ती आवळावी, अशी रीत होती. काळ्या रानात चाक उंच असणे सोयीचे. उंच चाकाला खड्डा लहान वाटतो आणि रुतले तरी पुढची चढण सौम्य लागते. मग चाक आणखी उंच का करीत नसत? कारण आख उंच झाला म्हणजे साटी मागे कलते, ओझे मागे सरकते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलले जाऊ पाहते. चाक फार ठेंगणे केले तर उलट सगळा भार मानेवर येतो. बैलाच्या खांद्याची उंची आणि चाकाची उंची यांचा असा करार होता.

पुढे हा करार रबराने मोडला. जॉन बॉइड डनलॉप या बेलफास्टच्या पशुवैद्याने १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले. पुढे त्याचे नाव आपल्याकडे बैलगाडीलाच चिकटले आणि रबरी चाकांची गाडी 'डनलॉप' म्हणून ओळखली जाऊ लागली. लोखंडी धाव सडक कापते, ही रस्ते बांधणाऱ्यांची जुनी तक्रार. रबराने ती मिटत होती. पक्क्या रस्त्यावर ओढही कमी लागत होती. बैलाचे कष्ट आता हलके होतील, असे कोणालाही वाटले असते. घडले ते निराळे. १९६५ साली ओढकामाच्या जनावरांविषयी केंद्राने जे नियम केले, त्यांत मोठ्या बैलाच्या दुचाकी गाडीला हवेचे टायर नसतील तर ९०० किलो आणि असतील तर १३५० किलो ओझे ठरविले गेले. म्हणजे चाकाने जी सवलत दिली ती ओझ्याच्या पदरात पडली. जायकवाडीचे पाणी आल्यावर अंबड तालुक्यात ऊस वाढला, अंकुशनगरला साखर कारखाना झाला, आणि उसाने शिगोशीग भरलेली टायरगाडी ओढणारे बैल हे गळिताच्या हंगामातले नेहमीचे चित्र बनले. चाक बदलले, पण ते ज्याच्या मानेवर चालायचे त्याला कोणी विचारले नाही.

आता मोटारीकडे वळू. आरंभीच्या मोटारीही उंच चाकांच्याच होत्या. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने बाहेर पडलेल्या फोर्डच्या 'टी' गाडीची चाके ३० इंचांची आणि बारीक होती, कारण ती अमेरिकेतील चिखलाच्या रस्त्यांसाठी घडली होती. रस्ते सुधारले तशी चाके ठेंगणी आणि रुंद होत गेली. आपल्याकडे मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्तेविकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींमुळे १९२९ साली पेट्रोलवरील जादा करातून रस्ते-निधी उभा राहिला, आणि १९४३ साली नागपूरला भरलेल्या अभियंत्यांच्या परिषदेने देशव्यापी रस्त्यांची योजना आखली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची फियाट आपल्या लहान चाकांवर सुखाने फिरली ती या सडकांच्या भरवशावर. जीपचे तसे नव्हते. ती युद्धासाठी जन्मली. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली आणि जेथे सडक संपते तेथे तिचे काम सुरू झाले. म्हणूनच थोराड चाकांचा मोह जीपवाल्यांना सर्वांत अधिक होतो, आणि पाणंदीतून जाणाऱ्याची बाजू आम्ही पोकळ मानीत नाही.

परंतु हिशेब मांडून पाहावा. समजा, २८ इंच उंचीचे चाक काढून ३१ इंचांचे बसविले. पोटाखालची जागा तीन इंच वाढली असे मालकाला वाटते. प्रत्यक्षात आख दीडच इंच वर जातो. पूर्वी चाक एका फेऱ्यात सुमारे ८८ इंच जाई, ते आता ९७ इंच जाते. त्यामुळे वेगदर्शक काटा ६० दाखवितो तेव्हा गाडी ६६ च्या वेगाने धावत असते. चढावर इंजिनाचा जोर जवळजवळ एक-दशांशाने कमी पोचतो, आणि जुन्या ड्रमच्या ब्रेकची रस्त्यावरची पकडही तेवढीच घटते. वेग नकळत वाढलेला आणि थांबण्याची शक्ती नकळत कमी झालेली, हा योग वाईट. त्यात गाडीचा तोल वर सरकतो, चाकाचे वजन बेअरिंगांवर आणि सुकाणूच्या सांध्यांवर पडते. पाणंदीत दीड इंच मिळविणारी गाडी संध्याकाळी महामार्गावर येते, तेव्हा त्या दीड इंचाची किंमत रस्ता ओलांडणाऱ्याला मोजावी लागू शकते.

कायद्याचा प्रवासही याच दिशेने झाला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनातील फेरबदलांविषयी आहे. २००० सालच्या दुरुस्तीने ते कडक झाले, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा फेरबदल करता येणार नाही. २०२१ सालच्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना वेगळी नोंदणी दिली, तीही गाडी मूळ स्वरूपात राखलेली असेल तरच. पहिला नियम वाटसरूंची काळजी घेतो, दुसरा इतिहासाची.

मग पाणंदीतल्या माणसाने काय करावे? आम्हास वाटते, टेंभुर्णीचा धडा येथे लागू आहे. गाडी बदलायची तर तिचे सगळे अंग एका हिशेबाने बदलावे: चाक, आख, ब्रेक, गिअर; आणि ते काम कारखान्याचे आहे, नाक्यावरच्या टायरच्या दुकानाचे नाही. आजच्या नव्या गाड्यांना मोठी चाके शोभतात, कारण त्यांच्या मागे तेवढे ब्रेकही बसविलेले असतात. जुन्या गाडीकडून हे बळ मागणे म्हणजे टायरगाडीच्या बैलाकडून दीडपट ओझे ओढून घेण्यासारखेच आहे. तो तक्रार करीत नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

आणि खरे औषध चाकात नाहीच. जयकर समितीने सडकेचा विचार केला, तसा विचार अजून अनेक पाणंदींचा व्हायचा आहे. अंतरवाली सराटीच्या शेतापर्यंत मुरूम आणि खडी पोचली, पाण्याला वाट काढून दिली, म्हणजे तेथली जीप आपल्या मूळच्या चाकांवर बाराही महिने जाईल, आणि बैलाची मानही थोडी हलकी होईल.