तिरप्या रेघेची हकीकत

पत्त्यांतील एक अक्षर चुकलें तर पत्र भलत्याच घरीं जातें, हा अनुभव बहुतेकांस असेल. परंतु अक्षर बरोबर असूनहि वाचणाऱ्या दोघांनीं त्याचा निरनिराळा अर्थ लावला, तर काय होतें? वेबच्या पत्त्यांपुढें हा प्रश्न वारंवार उभा राहिला आहे, आणि त्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

या पत्त्याची कल्पना जिनीव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं आकारास आणली. डिसेंबर १९९४ मध्यें त्याचे नियम लेखी प्रसिद्ध झाले. पत्ता कोणत्याहि यंत्रांतून सुखरूप जावा, म्हणून इंग्रजी अक्षरें, अंक व मोजकीं चिन्हें एवढ्यांनाच त्यांत प्रवेश मिळाला. त्यांतहि कांहीं चिन्हांवर विशेष कामें सोंपविलेलीं होतीं. तिरपी रेघ मार्गाचे टप्पे पाडी; प्रश्नचिन्ह आलें कीं मार्ग संपून पृच्छा सुरू होई. इतर कामासाठीं तीं चिन्हें लागल्यास तोड अशी निघाली, कीं शेंकडेवारीचें चिन्ह लिहून पुढें षोडशमान पद्धतीचा दोन अंकी क्रमांक द्यावा. मोकळी जागा %२०, तिरपी रेघ %२एफ, आणि स्वतः शेंकडेवारीचें चिन्ह %२५ झालें.

आपल्या ओळखीचें उदाहरण घेऊं. समजा, जमिनीचा उतारा मागतांना पत्त्याच्या एकाच टप्प्यांत ‘७/१२’ लिहावयाचें आहे. रेघ तशीच ठेवली, तर यंत्र सात हा एक टप्पा व बारा हा दुसरा समजेल. म्हणून ‘७%२एफ१२’ असें लिहावयाचें. वाचणाऱ्यानें आधीं टप्पे पाडावे, मग संकेत उलगडावे, आणि तेहि एकदांच, असें जानेवारी २००५ च्या सुधारलेल्या नियमावलींत स्पष्ट सांगितलें आहे.

ही सावधगिरी अनुभवानें शिकविलेली होती. मे २००१ मध्यें मायक्रोसॉफ्टनें आपल्या वेब-सर्व्हरमधील एक दोष जाहीर केला. मार्गाची तपासणी झाल्यावर तो सर्व्हर संकेत पुन्हां एकदां उलगडीत असे. त्यामुळें %२५ च्या पोटांत दडविलेली रेघ तपासणींतून सुटे, आंत गेल्यावर प्रगट होई, आणि परक्यास निषिद्ध दप्तराची वाट मोकळी होई. दुरुस्ती तेव्हांच उपलब्ध झाली, परंतु अनेकांनीं ती केली नाहीं. १८ सप्टेंबर २००१ रोजीं पसरलेल्या ‘निम्डा’ नामक उपद्रवी प्रोग्रामनें ज्या वाटा वापरल्या, त्यांत हीहि एक होती.

पुढें मोठीं कामें अनेक लहान सेवांत वांटलीं गेलीं, आणि त्यांच्यापुढें एपीआय गेटवे हा द्वारपाल बसला. म्हणजे एकच पत्ता आतां दोघांनीं वाचावयाचा! मे २०२१ मध्यें ‘एन्व्हॉय’ या प्रसिद्ध द्वारपालासंबंधीं घोळ उघडकीस आला तो हाच. त्याच्या लेखीं %२एफ म्हणजे रेघ नव्हे. आंतली एखादी सेवा मात्र ती रेघच समजे. दारांत मना केलेला मार्ग असा वेष पालटून आंत जाऊं शके. तेव्हांपासून असा पत्ता नाकारावा, उलगडावा कीं तसाच पुढें धाडावा, हें ठरविण्याची सोय त्यांत झाली. ‘अपाचे’ सर्व्हर तर, वेगळी आज्ञा नसल्यास, असा मार्ग सांपडतच नाहीं म्हणून सांगतो. चोर अडतो हें खरें, पण सरळपणें सातबारा मागणाराहि त्याच्याबरोबर अडतो.

हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा नाहीं. केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनीं १९९२ मध्यें आंखलेल्या यूटीएफ-८ पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘पुणे’ या नांवांत काना-मात्रांसह चार चिन्हें. म्हणून पत्त्यांत त्याचीं छत्तीस अक्षरें होतात. इंग्रजी नांव उघड्या मुखानें जातें, आपलें नांव संकेताच्या बुरख्यांतून जातें. बुरखा दिसतांच दार लावणारा द्वारपाल आपल्या कामाचा नाहीं, आणि तो न पाहतां सर्वांस सोडणाराहि नाहीं. दारावरचा व आंतला, दोघांनीं एक पत्ता एकाच रीतीनें वाचावा, एवढीच अपेक्षा आहे.