कास्पारोव्ह विरुद्ध जग

कास्पारोव्ह विरुद्ध जग हा १९९९ साली आंतरजालावर खेळला गेलेला बुद्धिबळाचा एक प्रसिद्ध डाव आहे. पांढऱ्या मोहऱ्यांनी गॅरी कास्पारोव्ह खेळले, तर काळ्या मोहऱ्यांची प्रत्येक चाल जगभरातील खेळाडूंनी बहुमताने ठरवली. २१ जून १९९९ रोजी सुरू झालेला हा डाव २२ ऑक्टोबर १९९९ रोजी कास्पारोव्ह यांच्या ६२व्या चालीनंतर संपला. ७५हून अधिक देशांतील ५०,००० पेक्षा जास्त व्यक्तींनी त्यात भाग घेतला. सिसिलियन बचावातील एका नव्या चालीमुळे निर्माण झालेली गुंतागुंत, सामूहिक विश्लेषणाचा दर्जा आणि अखेरच्या टप्प्यातील मतदानाचे वाद यांमुळे हा डाव अभ्यासकांच्या विशेष लक्षात राहिला आहे.

स्वरूप

असा प्रयोग यापूर्वीही झाला होता. १९९६ साली अनातोली कार्पोव्ह यांनी आंतरजालावर जगाविरुद्ध डाव खेळून तो जिंकला होता. १९९९ चा सामना मायक्रोसॉफ्टने आपल्या खेळविषयक संकेतस्थळावर आयोजित केला. दोन्ही बाजूंची एकेक चाल होण्यास मिळून दोन दिवस लागत. जगाच्या संघाला सल्ला देण्यासाठी एतियेन बाक्रो, फ्लोरिन फेलेकान, इरिना क्रुश आणि एलिझाबेथ पेह्ट्झ या चार तरुण खेळाडूंची नेमणूक झाली होती. ते आपापली शिफारस कारणांसह प्रसिद्ध करीत व त्यानंतर मतदान होई. ग्रँडमास्टर डॅनियल किंग समालोचन करीत. सेंट पीटर्सबर्ग येथील अलेक्झांडर खलिफमन यांच्या बुद्धिबळ शाळेचे विश्लेषणही संघाला उपलब्ध होत असे.

सुरुवात आणि नवी चाल

कास्पारोव्ह यांनी राजापुढील प्यादे ई४ घरात नेले. जगाने सी५ या उत्तराने सिसिलियन बचाव स्वीकारला. तिसऱ्या चालीला पांढऱ्या उंटाने बी५ घरातून शह दिला. मॉस्को पद्धत या नावाने ओळखली जाणारी ही मांडणी सिसिलियन बचावातील इतर प्रकारांच्या मानाने शांत समजली जाते. दहाव्या चालीला मात्र डावाचे रूप पालटले. तेव्हा पंधरा वर्षांच्या असलेल्या क्रुश यांनी सुचवल्याप्रमाणे जगाने वजीर ई६ घरात नेला. या नव्या चालीमुळे ई४ व सी४ येथील दोन्ही पांढऱ्या प्याद्यांवर एकाच वेळी हल्ला झाला.

कास्पारोव्ह यांनी घोडा डी५ घरात आणून प्रतिहल्ला केला. काळ्या वजिराने ई४ वरील प्यादे घेतले. पांढऱ्या घोड्याने सी७ घरातून शह देऊन ए८ वरील हत्ती टिपला. तेवढ्यात काळ्या वजिराने सी४ वरील प्यादेही घेतले. अखेर चौदाव्या चालीला तो घोडा बी६ घरात मारला गेला. अशा रीतीने हत्तीच्या बदल्यात काळ्यांना एक घोडा व दोन प्यादी मिळाली. काळा राजा डी७ घरात, म्हणजे पटाच्या मध्यभागाजवळ, उघडा पडला होता. परंतु त्याची मोहरी क्रियाशील होती. दोन्ही बाजूंना विजयाची संधी देणारी अशी ही स्थिती होती.

मध्यखेळ

त्यानंतर कास्पारोव्ह यांच्या वजिराने एच७ व जी६ येथील प्यादी घेऊन आपल्या एच स्तंभातील प्याद्याला मोकळी वाट करून दिली. काळ्यांनीही पांढऱ्यांची ए४ व बी२ येथील प्यादी टिपली. ३१व्या चालीला वजिरांची अदलाबदल झाली आणि डाव शर्यतीच्या स्वरूपाचा बनला: एकीकडे पांढऱ्यांची जी व एच स्तंभांतील प्यादी, तर दुसरीकडे काळ्यांचे बी स्तंभातील प्यादे. ५०व्या चालीला दोन्ही बाजूंनी नवे वजीर मिळवले. आता पटावर सातच मोहरे उरले: प्रत्येकी राजा व वजीर, पांढऱ्यांचे एक प्यादे आणि काळ्यांची दोन प्यादी.

अंत्यखेळ आणि मतदानाचे वाद

सात मोहऱ्यांच्या स्थितींचे संपूर्ण उत्तर देणारे संगणकीय संच त्या काळी उपलब्ध नव्हते. त्यामुळे संघाला स्वतःच्या आकडेमोडीवरच विसंबावे लागले. ५१व्या चालीला क्रुश यांनी राजा ए१ घरात नेण्याचा सल्ला दिला होता. बहुमत मात्र प्यादे बी५ घरात नेण्याच्या बाजूने पडले. या वेळी बनावट मते टाकली गेल्याचा आरोप झाला. ५४व्या चालीला तेच प्यादे बी४ घरात गेले व पुढच्याच चालीला मारले गेले. पुढील विश्लेषणात ही चाल चुकीची मानली गेली.

५८व्या चालीच्या वेळी क्रुश यांची वजीर एफ५ ही शिफारस मतदारांपर्यंत वेळेवर पोहोचली नाही व वजीर ई४ ही चाल निवडली गेली. ५९व्या चालीला नाराज मतदारांनी वजीर फुकट गमावणारी चाल सुचवली. तिला सुमारे दोन तृतीयांश मते मिळाली, परंतु बनावट मतांचे कारण देऊन आयोजकांनी ती बाद केली. ६२व्या चालीला पांढरे प्यादे जी७ घरात पोहोचले आणि जगाने मतदानाद्वारे डाव सोडला.

मूल्यमापन

इतर कोणत्याही डावापेक्षा या डावासाठी आपण अधिक परिश्रम घेतले, असे कास्पारोव्ह यांनी म्हटले आहे. किंग यांच्या साहाय्याने त्यांनी या डावावर एक स्वतंत्र पुस्तकही लिहिले. खेळ चालू असताना संघाची खुली चर्चा आपण वाचत होतो, असे त्यांनी नंतर मान्य केले. त्यामुळे सामन्याच्या समतोलाविषयी प्रश्न उपस्थित झाला: जगाला आपले बेत उघडपणे मांडावे लागत होते, तर प्रतिस्पर्ध्याचा विचार गुप्त राहत होता.

हजारो सामान्य खेळाडूंचा समूह बहुमताने खेळला तर सुमार चाली निवडेल, अशी शंका घेणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात पन्नास चालींपर्यंत जगाने तत्कालीन अव्वल खेळाडूला तोडीस तोड उत्तर दिले. कुशल विश्लेषकांचे ऐकले गेले तोवर समूहाचा खेळ उच्च दर्जाचा राहिला, आणि शिफारस, चर्चा व मतदान यांतील दुवा तुटला तेव्हा तो कोसळला, असे या डावाचा क्रम दर्शवतो.