रत्नागिरीतील थिबा राजकुल : परक्या भूमीत रुळण्याचा एक अभ्यास

उतारवयात परदेशी जाऊन नवे बिऱ्हाड थाटणे म्हणजे काय, याचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर साधारणतः स्वेच्छेने गेलेला मनुष्य येतो. निवृत्तिवेतन त्याच्या हाती असते, घर त्याने स्वतः निवडलेले असते आणि परतीचा मार्गही खुला असतो. या तीन गोष्टींपैकी पहिली तेवढी दिली आणि उरलेल्या दोन काढून घेतल्या, तर मनुष्य परक्या भूमीत रुळतो काय? रुळत असल्यास तो कोणत्या क्रमाने रुळतो? रत्नागिरीच्या अर्वाचीन इतिहासात या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास उपयुक्त असे एक प्रकरण आहे. ते म्हणजे ब्रह्मदेशाचा, आजच्या म्यानमारचा, अखेरचा राजा थिबा याचे तेथील तीस वर्षांचे वास्तव्य.

प्रथम घटनाक्रम थोडक्यात पाहू. थिबा १८७८ मध्ये मंडाले येथे गादीवर आला. सागवानाच्या व्यापारातील बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीस त्याच्या दरबाराने केलेला दंड हे १८८५ च्या तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाचे निमित्त ठरले. नोव्हेंबर महिना संपण्यापूर्वीच राजा शरण आला. त्यास सहकुटुंब आगबोटीने इरावतीतून रंगूनला आणि तेथून मद्रासला नेण्यात आले. १ जानेवारी १८८६ रोजी त्याचे राज्य खालसा झाल्याची घोषणा झाली व त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यास रत्नागिरीत आणण्यात आले. त्याच्यासमवेत राणी सुपयालात, तिची धाकटी बहीण व राजाची कनिष्ठ राणी सुपयागले आणि लहान मुली होत्या. तिसरी मुलगी मद्रासमध्ये जन्मली होती, चौथी १८८७ मध्ये रत्नागिरीत जन्मली. राज्यकारभारातून सक्तीने ‘निवृत्त’ झाला त्या वेळी राजाचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सामान्य मनुष्य ज्या वयात संसारास आरंभ करतो, त्या वयात त्याच्या वाट्यास तनखा आणि रिकामा वेळ आला.

रत्नागिरी हे स्थळ निवडण्यामागील सोय नकाशा पाहताच ध्यानात येते. पूर्वेस सह्याद्री, पश्चिमेस समुद्र आणि लोहमार्ग नाही. तो या गावी पोहोचला तो १९९० च्या दशकात. मुंबईशी दळणवळण मुख्यतः आगबोटीने होई आणि पावसाळ्यात तेही थांबे. पर्जन्यमानाचा भेदही लहान नव्हता. मंडाले कोरड्या प्रदेशात वसलेले असून तेथे वर्षाकाठी हजार मिलिमीटरहून कमी पाऊस पडतो, तर रत्नागिरीत तीन हजारांहून अधिक. सागवानी प्रासादात वाढलेल्या कुटुंबास जांभ्या दगडाच्या भिंती आणि चार महिन्यांची ओल यांची सवय करून घ्यावी लागली.

येथे घराचा प्रश्न उपस्थित होतो. राजकुलाने आरंभीची सुमारे चोवीस वर्षे सरकारने नेमून दिलेल्या बंगल्यांत काढली. आज ‘थिबा राजवाडा’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या वास्तूचे काम १९०६ मध्ये सुरू झाले आणि १९१० च्या नोव्हेंबरात कुटुंब तेथे राहावयास गेले. भाट्याच्या खाडीकडे तोंड असलेल्या उंचवट्यावरील या तीन मजली वाड्यास ब्रह्मदेशी सागवान वापरले आहे. ज्या लाकडाच्या वादातून राज्य गेले, तेच लाकूड बंदिवासाच्या छतास लागले, ही इतिहासाची क्रूर थट्टा म्हणावी लागेल. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हा वाडा रुळण्याचा आरंभ नव्हता, तर जवळजवळ शेवट होता. १९१२ मध्ये सुपयागले निवर्तली आणि डिसेंबर १९१६ मध्ये राजाही. नवे घर राजास जेमतेम सहा वर्षे लाभले. यावरून घर मिळणे आणि घर होणे या दोन भिन्न क्रिया आहेत, एवढे तरी निश्चित होते.

मग रुळण्याची खूण कोठे शोधावी? थिबाच्या बंदिवासाविषयी वॉल्टर सद्गुण देसाई यांचा १९६७ चा आणि सुधा शहा यांचा २०१२ चा ग्रंथ अभ्यासकांस परिचित आहेत. अशा अभ्यासाचा मोठा आधार शासकीय पत्रव्यवहार हा असतो आणि त्यात तनखा, कर्ज, दुरुस्ती व परवानग्या हेच विषय स्वाभाविकपणे पुढे येतात. घरातील बोलणे दप्तरात उतरत नाही. भाषेच्या अभ्यासकास म्हणूनच येथे थोडे काम उरते.

प्रथम राजाचे नाव घेऊ. ‘थिबा’ हे मूळ व्यक्तिनाम नव्हे. शान प्रदेशातील सीपॉ या संस्थानाचे ते ब्रह्मी रूप असून ती जहागीर राजपुत्रास मिळाल्याने नाव त्यास चिकटले. त्यातील आद्य ध्वनी ब्रह्मी भाषेत दंत्य घर्षक आहे. मराठीत तो नसल्याने त्याच्या जागी ‘थ’ आला, आणि अंत्य विवृत ओकाराच्या जागी ‘आ’. असे झाल्यावर ते नाव ‘राजा’, ‘बाबा’ या शब्दांच्या पंक्तीत जाऊन बसले. रत्नागिरीकर ‘घोडा-घोड्याचा’ या धर्तीवर ‘थिब्याचा’ म्हणत नाहीत, ‘थिबाचा’ म्हणतात. गावाने परक्या राजाचे नाव आपल्या विभक्तिव्यवस्थेत सामावून घेतले. आज ते एका राजवाड्याचे व एका टेकडीवरील स्थळाचेही नाव झाले आहे. राजा गावात किती रुळला हे सांगणे कठीण असले, तरी त्याचे नाव पूर्णपणे रुळले.

राजाच्या स्वतःच्या भाषेचे मात्र उलट झाले असावे. ब्रह्मी भाषेत राजकुलासाठी स्वतंत्र शब्दसंपदा असते. राजाच्या जेवणास, निद्रेस व बोलण्यास वेगळे शब्द योजावे लागतात. अशी भाषा एकट्याने बोलता येत नाही. तिला पायरी सांभाळून उत्तर देणारा समाज लागतो. ब्रह्मी सेवक कमी होऊन स्थानिक नोकर वाढले की ही पायरीच नाहीशी होते. पदच्युती मंडाले येथे एका दिवसात झाली, पण भाषेतील पदच्युतीस रत्नागिरीत अनेक वर्षे लागली, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

थोरल्या राजकन्येची कथा याच्या पुढची आहे. ब्रह्मी राजकन्यांच्या नावांतील ‘ज्यी’, ‘लात’ व ‘गले’ हे घटक अनुक्रमे थोरली, मधली व धाकटी असे सुचवितात. म्हणजे आपल्या घरांतील संबोधनांहून ही रीत फार दूरची नाही. १८८० मध्ये मंडाले येथे जन्मलेल्या या थोरलीचा वाड्यावरील एका स्थानिक नोकराशी संबंध जुळला आणि १९०६ मध्ये, म्हणजे राजवाड्याचा पाया घातला गेला त्याच वर्षी, तिला कन्या झाली. तिचे नाव तुतू. १९१९ मध्ये राजकुलास स्वदेशी परतण्याची मुभा मिळाली. सुपयालात रंगूनला गेली व १९२५ मध्ये तेथेच निवर्तली. थोरली राजकन्याही गेली, पण ती रत्नागिरीस परत आली आणि १९४७ मध्ये तिचा अंत झाला तो येथेच, विपन्नावस्थेत. तुतूने पुढे येथेच विवाह केला, कष्टाने संसार केला आणि मराठी हीच तिची बोलण्याची भाषा झाली. वाड्यात राहून राजा परका राहिला, तर वाड्याबाहेर गेलेली नात गावची झाली. तिच्या वाट्यास आलेले दारिद्र्य पाहता यास सुखान्त म्हणणे अन्यायाचे होईल, परंतु रुळणे आणि सुखी होणे हे समानार्थी शब्द नाहीत, हेही येथेच स्पष्ट होते.

या प्रकरणास दोन समांतर प्रकरणे आहेत. बहादूरशाह जफर यास १८५८ मध्ये रंगूनला धाडण्यात आले व १८६२ मध्ये तो तेथे निवर्तला. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या तुरुंगात होते. १९१०-११ च्या ज्या हिवाळ्यात थिबा रत्नागिरीच्या नव्या वाड्यात स्थिरावत होता, त्याच हिवाळ्यात टिळक त्याच्या जुन्या राजधानीत ‘गीतारहस्य’ लिहीत होते. टिळकांच्या शिक्षेस मुदत होती, थिबाच्या वास्तव्यास नव्हती. मुदत नसलेल्या प्रतीक्षेत काही नवे उभारणे किती दुष्कर असते, हे या तुलनेने उमगते.

राजा व कनिष्ठ राणी यांच्या समाध्या रत्नागिरीतच आहेत. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी तेथे येऊन आदरांजली वाहिली. राजकीय इतिहासाचे वर्तुळ त्या दिवशी पुरे झाले असे कोणी म्हणेल. सामाजिक इतिहासाचे मात्र झालेले नाही. तीन पिढ्यांत एका राजकुलाची भाषा कशी बदलली, कोणते ब्रह्मी शब्द, पदार्थ वा रिती रत्नागिरीच्या घरांत मागे राहिल्या, याची पद्धतशीर नोंद गावातील वृद्धांकडून घेणे हे काम दप्तरखान्यात बसून होणारे नाही. आपल्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने ते अंगावर घ्यावे. दप्तर टिकते, आठवण टिकत नाही, म्हणून ते लवकर घ्यावे.