अझोटोबॅक्टर

जमिनीत मोकळेपणी राहून हवेतील नत्र स्थिर करणाऱ्या, ऑक्सिजनवर जगणाऱ्या जिवाणूंची प्रजाती. डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मार्टिनस बायरिंक यांनी 1901 मध्ये तिचे वर्णन केले, अ. क्रोकॉकम ही तिच्यातील सर्वपरिचित जाती. सामू 6 च्या खाली गेला की ती सहसा टिकत नाही, त्यामुळे कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीपेक्षा सोलापूरकडचे चुनखडीयुक्त काळे रान तिला मानवते. तरीही विजयपूरचा लोहमार्ग जिथे फुटतो त्या होटगीच्या शिवारात, रब्बी ज्वारीला या जिवाणूच्या पाकिटातून नत्र मिळते असे मानणे हिशेबात बसत नाही. प्रयोगशाळेत हा जिवाणू एक ग्रॅम साखर खर्चून साधारण 10 ते 20 मिलिग्रॅम नत्र स्थिर करतो. नत्र बांधणारे त्याचे विकर ऑक्सिजनने निकामी होते. ऑक्सिजन दूर ठेवायला तो अतिवेगाने श्वसन करतो आणि बहुतेक साखर तिथेच जळते. म्हणजे हेक्टरी 20 किलो नत्रासाठी एक ते दोन टन साखरेइतके खाद्य हवे. ते येणार कुठून? कडबा गोठ्यात जातो, धसकटे चुलीत, शेणाच्या गोवऱ्या होतात. उरलेला सेंद्रिय कर्ब उन्हाळा खातो. शिवाय ही ज्वारी साठलेल्या ओलीवर वाढते. वरचा थर सुकला की जिवाणू जाड कवचाची पुटी करून वर्षानुवर्षे तग धरतो, पण काम थांबवतो.

मग बीजप्रक्रियेने पीक तरारते ते कसे, हा आक्षेप रास्त आहे. अनेक चाचण्यांत उत्पादन थोडे वाढलेले दिसते, सर्वत्र मात्र नाही. त्याचे श्रेय नत्रापेक्षा जिवाणूने तयार केलेल्या वाढीच्या संप्रेरकांना देणे अधिक पटते. मुळे वाढतात, आणि खोलवरच्या ओलीवर जगणाऱ्या पिकाला ही मदत लहान नव्हे. पाकिटे दुप्पट वापरावीत, हा उपायही फोल ठरतो: खाद्य तेवढेच राहिल्याने बाहेरून सोडलेले जिवाणू लवकरच घटतात. तुरीच्या गाठींतील रायझोबियमला साखर थेट पिकाकडून मिळते, म्हणून तिथला हिशेब वेगळा. ज्वारीत शेणखत आधी, पाकीट नंतर. दहा किलो बियाण्यास 250 ग्रॅम जिवाणूखत गुळाच्या थंड पाण्यातून चोळावे, सावलीत सुकवून लगेच पेरावे. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी लावावे.