चोगम रोड, आमचा ऑफसाइट आणि समुद्राकडे जाणारी वाट

मॅनेजर लोकांची एक खासियत असते. जे काम कुणालाच नको असतं ते "तुझं प्लॅनिंग चांगलं आहे रे" असं म्हणून बरोब्बर एकाच्या गळ्यात मारतात. मागच्या महिन्यात हा मान माझ्याकडे आला. काम काय, तर टीमचा ऑफसाइट. अठरा माणसं, त्यात क्लायंटकडचे दोन जर्मन. गुरुवार-शुक्रवार मीटिंगा, आणि शनिवार-रविवार ज्याला राहायचं त्याने स्वखर्चाने सहकुटुंब राहावं. साहेबांची अट एकच, "गोवा बघ. पण अगदी बीचवरचं रिसॉर्ट हवं, नाहीतर मग हिंजवडीतलं हॉटेल काय वाईट आहे?"

आता इंजिनियर माणूस हॉटेल कसं निवडणार? एक्सेल शीट उघडून. कॉलम पाडले: कॉन्फरन्स रूम, प्रोजेक्टर, वाय-फाय, दाबोळीपासून अंतर, मोपापासून अंतर (२०२३ पासून गोव्याला दोन विमानतळ आहेत, त्यामुळे हा घोळ वाढलाय), खोलीपासून वाळूपर्यंत किती पावलं. बायकोने मागून डोकावून "मुलांना खेळायला जागा" हा कॉलम वाढवला. शेवटचा कॉलम होता "प्रायव्हेट बीच: हो / नाही". हो असेल तर पाच मार्क.

पत्ते भरता भरता एक नाव पुन्हा पुन्हा यायला लागलं. चोगम रोड. पर्वरीहून सांगोल्डा, साळगांव करत कळंगुटकडे जाणारा रस्ता. कॉलेजच्या गोवा ट्रिपमध्ये ह्या रस्त्यावरून भाड्याच्या स्कूटरवर डझनभर वेळा गेलो असेन. तेव्हा मला वाटायचं चोगम हा कुणीतरी पोर्तुगीज साहेब असणार. नाहीतर एखादं कोंकणी आडनाव. (ह्या भागाची आणखी एक ओळख म्हणजे पर्वरीचं ओ कोकेरो हॉटेल, जिथे मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडे साहेबांनी १९८६ साली चार्ल्स शोभराजला पकडलं. पण तो विषय पुन्हा कधीतरी.)

तर चोगम हे माणसाचं नाव नाहीच. ती इंग्रजी आद्याक्षरं आहेत. कॉमनवेल्थ हेड्स ऑफ गव्हर्नमेंट मीटिंग. म्हणजे राष्ट्रकुल देशांच्या सरकारप्रमुखांची बैठक. नोव्हेंबर १९८३ मध्ये ती दिल्लीत भरली होती आणि मधले दोन दिवस सगळे पाहुणे गोव्याला आले होते. अधिकृत नाव 'रिट्रीट'. आपल्या भाषेत ऑफसाइट! हे वाचल्यावर एक्सेल मिनिमाइझ झालं आणि शनिवार रात्र कामी आली.

ही रिट्रीटची कल्पना कॅनडाच्या पियेर ट्रुडोंची. १९७३ साली बैठक ओटावात होती. तोवर ह्या बैठकांमध्ये लिहून आणलेली भाषणं वाचण्याचा कार्यक्रम चालायचा (आपल्या स्टेटस मीटिंगसारखा). ट्रुडोंनी सगळ्यांना उचलून माँ त्रांब्लां नावाच्या डोंगरातल्या पर्यटनस्थळी नेलं. अधिकाऱ्यांचा ताफा नाही, टाय नाही, नुसत्या गप्पा. प्रयोग जमला आणि प्रथाच पडली. १९७७ साली स्कॉटलंडच्या ग्लेनईगल्स ह्या गोल्फवाल्या हॉटेलात असेच बसले असताना वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी खेळाचे संबंध तोडण्याचा करार झाला. त्या कराराला आजही त्या हॉटेलचंच नाव आहे.

१९८३ ला यजमान इंदिरा गांधी. त्यांना दिल्लीबाहेरचं ठिकाण निवडायचं होतं. म्हणजे त्यांच्यासमोर माझ्यासारखाच प्रश्न होता, फक्त पाहुण्यांच्या यादीत मार्गारेट थॅचर, बॉब हॉक आणि खुद्द ट्रुडो होते. वातावरणही तंग होतं. ऑक्टोबरच्या शेवटी अमेरिकेने ग्रेनाडावर सैन्य उतरवलं होतं. ग्रेनाडा राष्ट्रकुलचा सदस्य, आणि अमेरिकेला साथ देणारे जमैका-बार्बाडोसही सदस्यच. एकमेकांवर चिडलेली माणसं एका जागी आणायची, तर ती जागा कोणती?

निवड झाली सिकेरीच्या फोर्ट आग्वाद बीच रिसॉर्टची. ताज ग्रुपचं हॉटेल, १९७४ चं.

हे हॉटेल निघालं तेव्हा गोव्यात 'बीच रिसॉर्ट' ही चीजच नवी होती. त्याआधीचं गोव्यातलं भारदस्त हॉटेल म्हणजे पणजीचं मांडवी. सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी १९५२ मध्ये बांधलेलं. आणि ते कुठे आहे? शहरात, नदीकाठी. कामाला आलेला माणूस शहरात उतरणार, समुद्रावर त्याचं काय काम? समुद्रावर खारवी राहायचे, त्यांच्या होड्या असायच्या आणि माडांच्या बागा. गोव्यातली सुखवस्तू कुटुंबं मे महिन्यात समुद्रावर जायची खरी, पण हवापालटाला. त्याला पोर्तुगीज शब्द मुदांसा. भाड्याच्या घरात राहायचं, सकाळी खाऱ्या पाण्यात बुचकळ्या मारायच्या, सांधेदुखीला चांगलं म्हणून. मग साठच्या दशकाच्या उत्तरार्धात हिप्पी आले. ते कळंगुट-हणजुणला मिळेल त्या खोलीत राहिले. त्यांच्याकडे पैसे नव्हते, पण किनाऱ्याचं नाव जगभर नेलं ते त्यांनीच.

ताजच्या अजित केरकरांनी ह्या किनाऱ्यावर पैसे लावले. ते बहुतेकांना वेडेपणाचंच वाटलं असणार. जागा मात्र काय निवडली! डचांच्या धाकाने पोर्तुगीजांनी १६१२ मध्ये पुरा केलेला आग्वादचा किल्ला. समुद्रावरून येणाऱ्या जहाजांना इथलं गोडं पाणी मिळायचं, 'आग्वा' म्हणजे पाणी, त्यावरूनच नाव. त्याच्या समुद्रातल्या बुरुजाला लागून हॉटेल. त्याच किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाला तुरुंग होता, जिथे त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांसारख्या स्वातंत्र्यसैनिकांना डांबलं होतं. सरकारप्रमुख आले तेव्हाही तो तुरुंग चालू होता. कैदी तिथून हलले ते २०१५ मध्ये. आता तिथे संग्रहालय आहे. एकाच टेकडीवर दोन प्रकारच्या खोल्या.

१९८३ च्या पाहुण्यांसाठी हॉटेलच्या वरच्या उतारावर वेगळे बंगले बांधले, त्याला नाव दिलं आग्वाद हर्मिटेज. पर्वरीकडून किनाऱ्याकडे जाणारा रस्ता नीट झाला आणि त्याला बैठकीचंच नाव चिकटलं. मीटिंग संपली, डेकोरेटरने मांडव काढला, पाटी राहिली. त्या दोन दिवसांतून आंतरराष्ट्रीय सुरक्षेवरचा 'गोवा जाहीरनामा' निघाला. त्यातून पुढे छोट्या देशांच्या सुरक्षेचा वेगळा अभ्यासही झाला. म्हणजे नुसता फोटो काढायचा ऑफसाइट नव्हता तो.

पण माझ्या दृष्टीने खरी गंमत दोन वर्षं आधीची आहे. नोव्हेंबर १९८१ मध्ये ह्याच इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना एक पत्र लिहिलं होतं. किनारे खराब होत चाललेत, तेव्हा भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरपर्यंत कसलंही बांधकाम होऊ देऊ नका, अशा अर्थाचं. आणि दोन वर्षांनी त्यांनीच जगातल्या पंतप्रधानांना आणून दाखवलं की भारतात अगदी लाटांजवळ राहून काम करता येतं. दोन्ही मनापासून असणार. त्यांना झाडं-पाणी आवडायचं हे खरं, आणि पाहुण्यांना देशातली चांगली जागा दाखवावी असं कुठल्या यजमानाला वाटत नाही? पण पत्र फायलीत गेलं आणि जाहिरात जगभर गेली.

पुढचं तुम्हाला माहीत आहेच. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपातून चार्टर विमानं यायला लागली. १९८७ मध्ये जागृत गोंयकारांची फौज ह्या नावाने काही लोक ह्या आलिशान पर्यटनाविरुद्ध उभे राहिले. त्या पाचशे मीटरला कायद्याचं बळ मिळायला १९९१ चा फेब्रुवारी उजाडला. तेव्हा सीआरझेड अधिसूचना निघाली. पाचशे मीटरपर्यंत नियंत्रण, आणि गावाकडच्या किनाऱ्यांवर पहिले दोनशे मीटर बांधकामबंदी. १९९४ मध्ये ही बंदी सैल करायचा प्रयत्न झाला, सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये तो हाणून पाडला. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांसाठी दोनशेचे पन्नास झालेच. माझ्या शीटमधल्या 'वाळूपर्यंत किती पावलं' ह्या कॉलमचा इतिहास हा असा आहे. ज्या हॉटेलाला त्यात सर्वांत जास्त मार्क, ते बहुधा १९९१ च्या आधीचं.

बरं, आणि तो शेवटचा कॉलम? प्रायव्हेट बीच?

ह्याचं उत्तर दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावर आहे. तिथलं सिदाद द गोवा हे चार्ल्स कोरियांनी आखलेलं सुंदर हॉटेल. सरकारने त्यासाठी जमीन संपादन करून दिली तेव्हा लोकांची समुद्राकडे जाणारी वाट मोकळी ठेवायची अट होती. त्या वाटेवरून कज्जा सुरू झाला आणि थेट सुप्रीम कोर्टात गेला. जानेवारी २००९ मध्ये निकाल लागला, लोकांच्या बाजूने. कोर्टाने सांगितलं की अशा नैसर्गिक गोष्टी सरकारकडे जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून असतात. भरतीच्या रेषेखालची वाळू हॉटेलची नसतेच. हॉटेलला 'प्रायव्हेट' करता येते ती फक्त तिथवर जाणारी वाट. कंपाउंड वॉल घाला, गेटवर वॉचमन बसवा, झालं.

इथे मला माझा कॉलेजचा रूममेट आठवला. बार्देशातला, कांदोळीजवळचा. त्याला फोन केला तर म्हणाला, "बाबांशीच बोल, तेव्हा ते वीस वर्षांचे होते." काकांनी पंचवीस वर्षं एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगमध्ये काढली. मला वाटलं, आता हॉटेलवाल्यांच्या नावाने शंख ऐकायला मिळणार. कसलं काय!

"अरे, ती मीटिंग झाली म्हणून रस्त्याला डांबर लागलं. हॉटेलं आली म्हणून मी इथे राहिलो, नाहीतर माझे दोन्ही भाऊ गेले तसा मी पण गल्फला गेलो असतो. तुझा मित्र शिकला तो चादरी बदलून."

मग जरा थांबून म्हणाले, "फक्त एक झालं. आमच्या घरामागून समुद्रावर जायची वाट होती. माझी आई त्या वाटेने मासे घेऊन यायची. तिथे भिंत आली. कुणी मुद्दाम नाही केलं, जमिनी विकल्या त्या आमच्याच लोकांनी. पण आता घरून समुद्रावर जायला मी रिक्षा करतो."

समुद्र घरापासून तीनशे मीटरवर आहे.

मी माझा यक्षप्रश्न टाकला. काका, मग आम्ही कुठे उतरावं? जर्मन लोक आहेत, मीटिंग आहे, आणि बीच पाहिजेच. काका एकदम कोंकणीत घसरले, "वाट खंय आसा तें पळय पयलीं."

म्हणून पुढचे दोन दिवस मी शीटमधल्या हॉटेलांना फोन लावून एकच प्रश्न विचारला, तुमच्या बाजूने गावातल्या लोकांना समुद्रावर जायला वाट आहे का? एका ठिकाणी सेल्सचा मुलगा अभिमानाने म्हणाला, "नाही सर, बाहेरचं कुणी येत नाही, अगदी सेफ." दुसऱ्या ठिकाणी वेबसाइटवर रुंद वाळू आणि प्रत्यक्षात पाहुण्यांच्या फोटोंत दगडांची रास. ते मात्र सगळंच हॉटेलचं पाप नव्हे. सिकेरी-कांदोळीच्या किनाऱ्याजवळ जून २००० मध्ये रिव्हर प्रिन्सेस नावाचं जहाज रुतलं आणि जवळजवळ बारा वर्षं तिथेच होतं. इथली वाळू कमी झाली ती त्या जहाजापायी असं तिथले लोक सांगतात. समुद्र त्याच्या हिशोबाने वाळू नेतो-आणतो, ब्रोशरला ते कळत नाही. आणि पावसाळ्यात जाणार असाल तर बीच नुसता बघायचाच, पोहायचं नाव काढू नका.

शेवटी दक्षिणेकडे एक मध्यम आकाराचं रिसॉर्ट सापडलं. कॉन्फरन्स रूम वीस माणसांची, वाय-फाय बरं. मॅनेजर बाई स्पष्ट बोलल्या, "सर, कंपाउंडला लागून पंचायतीची वाट आहे. सकाळी होड्या येतात, मासळीचा वास येतो. गेस्ट तक्रार करतात म्हणून आधीच सांगते." मी लगेच अॅडव्हान्स भरला. दर रात्रीमागे माणशी थोडे पैसे वाचलेसुद्धा.

साहेबांनी शीट बघितली आणि अपेक्षेप्रमाणे शेवटच्या कॉलमवर बोट ठेवलं. "प्रायव्हेट बीच नाही? क्लायंट आहेत अरे." मी त्यांना १९८३ पासून सुरुवात करून सगळं सांगायला लागलो. थॅचरबाईंपर्यंत पोचलो तेवढ्यात त्यांचा कॉल आला. बुकिंग अजून तरी रद्द झालेलं नाही.

शनिवारी सकाळी सहाला काका रूममेटबरोबर येणार आहेत, होड्या लागताना बघायला. बायकोला बांगडे घ्यायचेत, पण रिसॉर्टच्या खोलीत ते शिजवणार कुठे हा प्रश्न तिला अजून पडलेला नाही :)