पाटणचा गणिताचा मठ

नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ. बिळापासून 27 हातांवर असलेला साप बिळाकडे निघतो, तसा मोर त्याच्यावर तिरपा झेपावतो. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर मोर सापाला बिळापासून किती हातांवर गाठेल?

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तले हे उदाहरण. रीत अशी: उंचीचा वर्ग 81. त्याला 27 ने भागले, 3 आले. ते 27 मधून वजा करून उरलेल्या 24 चे अर्धे केले, की उत्तर 12 हात. आता ताळा. साप 27 वजा 12, म्हणजे 15 हात सरकला. मोराची झेप हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण: 81 आणि 144 यांची बेरीज 225, वर्गमूळ 15. दोघांचे अंतर सारखे.

‘लीलावती’ हा 1150 मध्ये पूर्ण झालेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा पहिला भाग. त्या वेळी भास्कराचार्य छत्तीस वर्षांचे होते. त्रैराशिक, व्याज, क्षेत्रफळ, सगळे यात आहेच. शिवाय मोजणीचे कोडेही आहे. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधे किती प्रकारे देता येतील? पहिल्या हातासाठी दहा पर्याय, दुसऱ्यासाठी नऊ, तिसऱ्यासाठी आठ. असे शेवटपर्यंत गुणत गेले की 36,28,800.

हे ग्रंथ शिकवण्यासाठी खानदेशात एक मठ उभा राहिला. चाळीसगावजवळच्या पाटण येथील 1207 चा शिलालेख त्याची हकीकत सांगतो. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरी होता. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा पुढचा यादव राजा सिंघण याचा राजज्योतिषी. आजोबांचे आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवले जावेत, म्हणून चांगदेवाने पाटणला मठ काढला. स्थानिक निकुंभ राजा सोइदेव याने त्याला देणगी दिली. भास्कराचार्यांचे जन्मगाव कोणते यावर अभ्यासकांत वाद आहे. त्यांची विद्या पाटणला शिकवली जात होती, याला मात्र दगडावरचा पुरावा आहे.

शिलालेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण मठाचे उत्पन्न सांगताना तो मराठीत उतरतो. कारण ते रोजच्या बाजारातून यायचे. गावात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा कर मठाला दिला. जितके तेलघाणे चालतील, तितक्या पळ्या तेल मठाचे. मापही मठाचेच वापरायचे.

हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865 मध्ये अभ्यासकांपुढे आणला. ‘लीलावती’ तोवर दूर पोचली होती: अकबराच्या दरबारात फैझीने 1587 मध्ये तिचे फारसी भाषांतर केले, कोलब्रुकचे इंग्रजी भाषांतर 1817 मध्ये आले. मोगल दरबाराने तिची दखल घेण्याच्या 380 वर्षे आधीच ती शिकवण्याचा खर्च पाटणच्या बाजाराने आणि तेलघाण्यांनी उचलला होता.