सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं 'रजत कमळ' मराठी सिनेमाला किती वेळा मिळालं?

राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले की एक प्रश्न सोशल मीडियावर हमखास फिरतो: सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार किती मराठी कलाकारांना मिळालाय? अनेकांना आधी आठवतात ते नाना पाटेकर. नाव बरोबर आहे, पण नानांना हा पुरस्कार मिळाला १९९४ च्या 'क्रांतिवीर'साठी आणि तो सिनेमा हिंदी होता.

मराठी सिनेमातल्या भूमिकेसाठी ७१ व्या पुरस्कारांपर्यंत फक्त तिघांना हा मान मिळाला. उपेंद्र लिमये, गिरीश कुलकर्णी आणि विक्रम गोखले. विशेष म्हणजे हे तिन्ही पुरस्कार अवघ्या पाच वर्षांतले आहेत.

पुरस्कार कधी सुरू झाला?

राष्ट्रीय पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले. पहिल्याच वर्षी आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ने राष्ट्रपतींचं सुवर्णपदक पटकावलं. पण तेव्हा अभिनयासाठी वेगळा पुरस्कार नव्हता. तो आला १९६७ च्या सिनेमांपासून. पहिले मानकरी ठरले बंगाली अभिनेते उत्तम कुमार.

सुरुवातीला अभिनेत्याच्या पुरस्काराला 'भरत' आणि अभिनेत्रीच्या पुरस्काराला 'उर्वशी' म्हणत. पुढे 'रजत कमळ' हे नाव रूढ झालं. ७० व्या पुरस्कारांपासून रजत कमळासोबतची रक्कम २ लाख रुपये झाली.

त्या तीन भूमिका कोणत्या?

जोगवा (२००८): दिग्दर्शक राजीव पाटील. देवीला सोडलेल्या, मनाविरुद्ध साडी नेसून जोगता म्हणून जगावं लागणाऱ्या तायप्पाची भूमिका उपेंद्र लिमये यांनी केली. याच सिनेमाने अजय-अतुल, हरिहरन आणि श्रेया घोषाल यांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिले.

देऊळ (२०११): दिग्दर्शक उमेश कुलकर्णी. गाय शोधायला गेलेल्या केशाला झाडाखाली दत्ताचं दर्शन होतं आणि बघता बघता गावात देवाचा बाजार उभा राहतो. केशा साकारणाऱ्या गिरीश कुलकर्णी यांना अभिनयासोबत संवादलेखनाचाही पुरस्कार मिळाला.

अनुमती (२०१२): दिग्दर्शक गजेंद्र अहिरे. पत्नी कोमात आहे, उपचारांचा खर्च आवाक्याबाहेर चाललाय आणि तिला जगवण्याचे प्रयत्न थांबवायला नवऱ्याची अनुमती हवी आहे. विक्रम गोखले यांना हा पुरस्कार 'पान सिंग तोमर'च्या इरफान खान यांच्यासोबत विभागून मिळाला.

तिन्ही भूमिकांमध्ये एक धागा समान आहे. यातला कोणीही रूढ अर्थाने हिरो नाही. स्वतःच्या आयुष्याचा निर्णय हातातून निसटत चाललेली ही साधी माणसं आहेत.

निवड कशी होते?

ज्या सिनेमांना संबंधित वर्षात १ जानेवारी ते ३१ डिसेंबरदरम्यान सेन्सॉर प्रमाणपत्र मिळालं, ते स्पर्धेत येतात. आधी पाच विभागीय समित्या प्रवेशिका पाहतात. त्यांनी पुढे पाठवलेल्या सिनेमांमधून केंद्रीय ज्युरी अंतिम निवड करते. प्रेक्षकांचं मतदान नसतं. सिनेमा मुंबईतल्या मल्टिप्लेक्समध्ये किती आठवडे चालला किंवा जळगाव जामोदसारख्या तालुक्याच्या गावात पोहोचला की नाही, यावर निकाल ठरत नाही.

जपानची पद्धत वेगळी आहे. तिथल्या जपान अकादमी पुरस्कारांत चित्रपटसृष्टीतले सदस्य मतदान करतात. मुख्य अभिनेत्यांच्या गटात नामांकन मिळालेल्या पाचही जणांना 'उत्कृष्ट' पुरस्कार मिळतो आणि त्यांच्यातून एक जण 'सर्वोत्कृष्ट' ठरतो. आपल्याकडे नामांकनांची अशी यादीच जाहीर होत नाही. त्यामुळे एखादा मराठी अभिनेता अगदी शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचला, तरी त्याची अधिकृत नोंद लोकांसमोर येत नाही.

मग २०१२ नंतर मराठी सिनेमा मागे पडला का?

तसं म्हणता येणार नाही. २०१४ मध्ये 'कोर्ट' आणि २०१६ मध्ये 'कासव' देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. पण त्या वर्षांचे अभिनयाचे पुरस्कार अनुक्रमे कन्नड अभिनेते संचारी विजय आणि अक्षय कुमार यांना मिळाले. त्याआधी 'श्वास'चंही तेच झालं होतं. चित्रपटाचा सर्वोच्च मान आणि मुख्य अभिनेत्याचा पुरस्कार, दोन्ही मिळवणारा मराठी सिनेमा एकच, 'देऊळ'.

याचं कारण सोपं आहे. मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी वेगळा राष्ट्रीय पुरस्कार आहे, पण मराठीतल्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्यासाठी तसा नाही. सगळ्या भाषांना मिळून जागा एक, फार तर विभागून दोन.

यादी फॉरवर्ड करण्याआधी काय तपासाल?

पहिलं, सिनेमाची भाषा. दुसरं, पुरस्कार मुख्य भूमिकेचा की सहाय्यक? अतुल कुलकर्णी आणि दिलीप प्रभावळकर यांचे राष्ट्रीय पुरस्कार सहाय्यक अभिनेत्याचे आहेत. तिसरं, वर्ष. 'जोगवा'चा पुरस्कार २००८ चा, पण तो जाहीर झाला जानेवारी २०१० मध्ये. त्यामुळे दोन याद्यांमध्ये वर्ष वेगळं दिसलं, तरी त्यातली एक चुकीचीच असेल असं नाही.